कानाच्या पाळीला हात

मैफिलीत गवई बंदिश उचलण्याआधी ती कुणाकडून मिळाली ते सांगतो, आणि गुरूचं नाव तोंडात येता येता त्याचा हात कानाच्या पाळीकडे जातो. आता गळ्यातून जे येईल ते माझं एकट्याचं नाही, एवढं त्या हाताने सांगून होतं. पण मराठीत कानाला हात लावण्याचा दुसराही अर्थ आहे. भिशीत पैसे बुडालेला माणूस कानाला हात लावतो, तेव्हा त्याला कुणाचे आभार मानायचे नसतात. पुन्हा म्हणून त्या वाटेला जायचं नसतं. हात तोच, कान तोच. लांब बसून कुणी नुसतं मोजत राहिला की कुणाच्या नावावर किती वेळा हात कानाला लागला, तर मोठा उस्ताद आणि मोठा भिशीवाला त्याच्या वहीत शेजारीशेजारी येतील.

विद्यापीठांच्या जगात विद्वानांची किंमत गेली काही दशकं बरीचशी अशाच वहीवरून ठरते आहे.

शोधनिबंधाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. आधी कुणी काय शोधलं, त्यातलं मी काय घेतलं, कुणाशी माझं पटत नाही, हे त्या यादीत येतं. ती यादी उलटी फिरवली, ‘मी कुणाचा उल्लेख केला’ऐवजी ‘माझा उल्लेख कुणी कुणी केला’ असं विचारलं, की सायटेशनचा आकडा मिळतो. या आकड्यावर पुढे आणखी मजले चढले. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 साली ‘एच-इंडेक्स’ सुचवला: तुमच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले असतील आणि एकवीस निबंधांना एकवीस मिळालेले नसतील, तर तुमचा एच वीस. लग्नाच्या बायोडेटात उंची आणि पगार जसे वरच असतात, तसा हा आकडा आता गूगल स्कॉलरवर प्रोफाइल असलेल्या प्रत्येक संशोधकाच्या नावाशेजारी दिसतो.

मला इथे सामाजिक मानसशास्त्राचंच उदाहरण घ्यायचं आहे. माणसं गर्दी बघून मत कसं बनवतात, मोठ्या नावापुढे कशी वाकतात, याचा अभ्यास करणारं हे शास्त्र. आकड्यांच्या मागे धावून सगळ्यांत जोरात ठेच लागली तीही याच शास्त्राला.

विसाव्या शतकातल्या सर्वांत थोर शंभर मानसशास्त्रज्ञांची एक यादी 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. नियतकालिकांतले उल्लेख, पाठ्यपुस्तकांतले उल्लेख आणि मानसशास्त्रज्ञांमध्ये घेतलेला कौल असे सगळे धागे एकत्र करून ती केली होती. पहिला स्किनर, दुसरा पियाजे, तिसरा फ्रॉइड, चौथा बंडुरा आणि पाचवा लिऑन फेस्टिंगर. फेस्टिंगर 1919 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मला, कर्ट लेविनच्या हाताखाली तयार झाला, आणि 1957 साली त्याने ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’चा सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. मराठीत बोधात्मक विसंगती म्हणू. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की माणूस अस्वस्थ होतो, आणि सोयीची असेल ती एक गोष्ट वाकवून मेळ घालतो. द्राक्षं हाती येईनात तेव्हा ती आंबट ठरवणारा कोल्हा आपल्याला आधीपासून ठाऊक होता. फेस्टिंगरने त्या कोल्ह्याला प्रयोगशाळेत आणलं.

त्याला ही कल्पना सुचली ती मात्र बिहारच्या भूकंपावरून.

15 जानेवारी 1934 च्या दुपारी नेपाळ आणि उत्तर बिहार हादरले. मुंगेर, मुजफ्फरपूर ही गावं जमीनदोस्त झाली, दहा हजारांहून जास्त माणसं मेली. पुढच्या दिवसांत बिहारमध्ये अफवांचं पीक आलं. जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्या जमवल्या. भूकंपाच्या वेळी गंगेचं पाणी नाहीसं झालं आणि नाहणारी माणसं वाळूत रुतली. नेपाळच्या सीमेवरून मधुबनीकडे पूर येतो आहे. पाटण्याला मोठं वादळ होणार. 23 जानेवारी हा घाताचा दिवस आहे. चंद्रग्रहणाला पुन्हा धरणीकंप होईल. आता प्रलयच. (कारण शोधण्याची ही घाई अडाण्यांपुरती नव्हती. अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे असं गांधीजी त्याच महिन्यात म्हणाले, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली.) प्रसाद यांचा निबंध 1935 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त आला.

सोळा-सतरा वर्षांनी, फोर्ड फाउंडेशनच्या एका कामासाठी संज्ञापन आणि सामाजिक प्रभावावरचं विखुरलेलं साहित्य चाळताना, हा निबंध फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या हाती पडला. आधीच घाबरलेल्या माणसांनी आणखी घाबरवणाऱ्या अफवा का पसरवाव्यात, हे त्यांना उलगडेना. माणूस जिवाला आराम पडेल असं काहीतरी बोलेल ना! फेस्टिंगरला त्यातून वाट दिसली. त्याच्या वाचनानुसार या अफवा जिथे फोफावल्या तिथे हादरा बसला होता, पण डोळ्यांसमोर विध्वंस नव्हता. घर उभं, पोरंबाळं सुखरूप, आणि छातीतली धडधड काही थांबत नाही. भीती आहे पण भ्यायला कारण दिसत नाही, अशा अवस्थेत मन कारण तयार करतं. म्हणजे भीती अफवेतून आलेली नव्हती. अंगात शिरलेल्या भीतीला अफवेने बसायला पाट दिला होता. दुर्गानंद सिन्हा यांनी 1950 च्या दार्जिलिंगच्या दरडींनंतर केलेला अभ्यास 1952 साली त्याच नियतकालिकात आला. तिथे माणसं प्रत्यक्ष पडझडीत उभी होती, आणि आणखी मोठं संकट येतंय अशा अफवा तिथे उठल्या नव्हत्या. दोन भारतीय निबंध समोरासमोर ठेवल्यावर सिद्धान्ताचा सांगाडा उभा राहिला.

फेस्टिंगरने हे लपवलं नाही, आणि हे त्याच्या बाजूने ठामपणे सांगायला हवं. पुस्तकाच्या प्रास्ताविकातच तो सांगतो की ज्या पहिल्या कल्पनेने आम्हाला हुरूप आला ती प्रसाद यांनी नोंदवलेल्या अफवांचा अर्थ लावताना सुचली. कानाच्या पाळीला हात लावून घेतलेलं नाव आहे ते. पण मोजणाऱ्याच्या वहीत त्याची नोंद कशी होते पाहा. प्रसादांच्या खात्यात एक उल्लेख जमा. त्यानंतरच्या ज्या हजारो निबंधांनी फेस्टिंगरचा हवाला दिला, त्यातला प्रत्येक उल्लेख फेस्टिंगरच्या खात्यात. व्याजावर व्याज चढत गेलं, मूळ ठेवीदाराचं नाव पासबुकावर कुठेच नाही. आणि एच-इंडेक्सचं गणित तर असं, की प्रसादांचा 1935 चा हा एक आणि त्यांचाच 1950 चा दुसरा, एवढ्याच दोन निबंधांवर माणसाला उभं केलं, तर साऱ्या जगाने ते उद्धृत केले तरी त्याचा एच दोनच्या वर जाऊ शकत नाही.

अफवांच्या खुद्द अभ्यासातही तेच झालं. आधी नाव निघतं ते ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांच्या 1947 च्या पुस्तकाचं. प्रसादांच्या निबंधाला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. प्रशांत बोर्डिया आणि निकोलस डिफॉन्झो या दोन संशोधकांनी 2002 साली प्रसादांवर स्वतंत्र निबंध लिहिला. प्रसादांना अफवा ही समूहाची गोष्ट वाटत होती. नंतरच्यांनी तिला एका माणसाच्या स्मरणशक्तीच्या चुकांपर्यंत आकसून टाकलं आणि सामाजिक मानसशास्त्रातलं ‘सामाजिक’ पातळ झालं, असा त्यांचा रोख आहे. मला तो पटतो. एका कानातून दुसऱ्या कानात जाताना वाक्य किती झिजतं हे प्रयोगशाळेत मोजता येतं. एका गावाला एका रात्रीत प्रलय का हवासा होतो, ते तिथे कळत नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन याने 1968 साली या व्याजावरच्या व्याजाला नाव दिलं: मॅथ्यू परिणाम, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरून. ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळतं. एकच शोध दोघांनी लावला तर श्रेय आधीच मोठ्या असलेल्या नावाकडे वाहत जातं. गंमत म्हणजे हा निबंध ज्या मुलाखतींवर उभा आहे त्या हॅरिएट झकरमन हिच्या होत्या. आपण तिचं साहित्य इतकं वापरलं की लेखक म्हणून दोघांचं नाव असायला हवं होतं, हे मर्टनने पुढे स्वतःच कबूल केलं. त्यांनी नंतर लग्न केलं, ते सोडून द्या. पण मॅथ्यू परिणामाचा शोध मॅथ्यू परिणामाच्याच कृपेने एकट्या मर्टनच्या नावावर आहे.

आता कानाला हात लावण्याच्या दुसऱ्या अर्थाकडे येतो.

उल्लेखांची ही सगळी मोजदाद ज्याने उभी केली तो फिलाडेल्फियाचा यूजीन गारफिल्ड. त्याने ही युक्ती वकिलांकडून घेतली. अमेरिकेत 1873 पासून ‘शेपर्ड’ची सूची निघत असे. एखाद्या निवाड्याचा आधार घेण्याआधी वकील ती उघडून बघायचा, की या निवाड्याचा पुढे कुठे कुठे उल्लेख झाला आहे. पण शेपर्डच्या सूचीत गरज असेल तिथे उल्लेखाशेजारी एक बारीक अक्षर असे: इथे निवाडा मान्य केला, इथे वेगळा काढला, इथे टीका केली, इथे रद्दबातल ठरवला. वकिलाला ते अक्षर कळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. रद्द झालेला निवाडा कोर्टात वाचून दाखवला तर न्यायाधीशच त्याला खाली बसवतील. गारफिल्डने 1955 साली ‘सायन्स’मध्ये विज्ञानासाठी अशी सूची सुचवली, तेव्हा खोट्या, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीचा डोळे झाकून हवाला दिला जातो त्याला आळा घालणं, हाच हेतू त्याने पुढे ठेवला होता. 1964 पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित निघू लागला. त्यात उल्लेख होते. उल्लेखाचा अर्थ सांगणारं अक्षर मात्र गळालं होतं. माणसाने वाचून ठरवायची गोष्ट यंत्राला जमण्यासारखी नव्हती, म्हणून ती वगळली आणि उरलेलं मोजलं. माझ्या मते साऱ्या रोगाचं मूळ या गळालेल्या अक्षरात आहे.

त्याने काय होतं ते सामाजिक मानसशास्त्राने भोगलं. 2015 साली ब्रायन नोसेक आणि त्याच्या शेकडो सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या तीन नामांकित नियतकालिकांतले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ निबंधांपैकी 97 टक्क्यांमध्ये परिणाम संख्याशास्त्राच्या निकषावर उतरला होता. पुनर्प्रयोगांत तो 36 टक्क्यांमध्येच उतरला. सामाजिक मानसशास्त्राची गत इतरांहून वाईट निघाली. सहा वर्षांनी मार्ता सेरा-गार्सिया आणि उरी ग्नीझी यांनी त्याच्याही पुढचं विचारलं: न टिकलेल्या निबंधांना उल्लेख किती मिळतात? टिकलेल्यांपेक्षा सरासरी 153 जास्त. प्रयोग फसल्याचं जाहीर झाल्यानंतरही जे उल्लेख होत राहिले, त्यांतल्या जेमतेम 12 टक्क्यांनी तो फसल्याचं सांगितलं. हे दोघेही सॅन डिएगोच्याच विद्यापीठातले. एच-इंडेक्स जिथे जन्मला तिथूनच त्याची पत्रिका मांडली गेली. कारण समजायला अवघड नाही. चमत्कारिक निष्कर्ष असेल तर परीक्षक पुराव्याच्या बाबतीत थोडी ढील देतात, आणि चमत्कारिक निष्कर्ष लोकांच्या लक्षातही राहतो. प्रसादांच्या अफवांना लागू होता तोच नियम निबंधांनाही लागू होतो.

यातली टोकाची गोष्ट डिडेरिक स्टापेलची. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातला हा अधिष्ठाता, प्रकाशनांच्या यादीत कुणालाही हेवा वाटावा असा. 2011 साली ‘सायन्स’मध्ये त्याचा एक निबंध आला: उट्रेख्टच्या रेल्वे स्थानकावर कचरा साचलेला असताना गोरे प्रवासी काळ्या माणसापासून अधिक अंतरावर बसतात. सगळ्यांना आवडेल असाच निष्कर्ष. त्याच वर्षी उघड झालं की तो वर्षानुवर्षं आकडे घरी बसून स्वतःच भरत होता. मागे घेतलेल्या निबंधांची संख्या 58 वर गेली. त्याच्या हाताखालचे दहा प्रबंध या खोट्या आकड्यांवर उभे असल्याचं चौकशीत निघालं, आणि त्या विद्यार्थ्यांना याचा पत्ता नव्हता. त्याला पकडलं ते परीक्षकांनी नव्हे, नियतकालिकांनी नव्हे, कोणत्या निर्देशांकाने तर नव्हेच. त्याच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांना आकडे फार गोड वाटू लागले, आणि त्यांनी नोकरी पणाला लावून तोंड उघडलं. त्यांनी आकडे वाचले होते.

मग फेस्टिंगर तरी टिकला का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्याचा कार्लस्मिथबरोबरचा 1959 चा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेला असतो. स्टॅनफर्डच्या मुलांना तासभर खुंट्या फिरवण्याचं कंटाळवाणं काम दिलं, मग ‘काम फार मजेचं होतं’ अशी थाप पुढच्याला मारायला सांगितली. काहींना एक डॉलर देऊन, काहींना वीस. एक डॉलरवाल्यांनाच ते काम नंतर खरोखर बरं वाटू लागलं, कारण एवढ्याशा पैशासाठी खोटं बोललो हे मनाला पटेना. प्रत्येक गटात वीस मुलं होती. याच जातीचा प्रयोग, मनाविरुद्ध निबंध लिहून घेण्याचा, 39 प्रयोगशाळांनी मिळून केला आणि 2024 साली निष्कर्ष छापले: माणसाला निवडीची मोकळीक दिली की मत अधिक बदलतं, हा सिद्धान्ताचा गाभ्याचा दावा दिसून आला नाही. प्रलयाची वाट पाहणाऱ्या शिकागोजवळच्या एका पंथावर फेस्टिंगरने सहकाऱ्यांबरोबर 1956 साली पुस्तक लिहिलं होतं; भाकीत खोटं ठरल्यावर श्रद्धा वाढली, असं त्यात होतं. जुन्या कागदपत्रांचा आधार घेऊन त्यावरही 2025 साली गंभीर शंका घेतली गेली. एवढ्यावरून सिद्धान्त मोडीत काढावा असं मला वाटत नाही. पण पाचव्या क्रमांकाच्या मागे उभे असलेले हजारो उल्लेख या वादात कुठल्याच बाजूने साक्ष देऊ शकत नाहीत, एवढं नक्की.

त्याच्या कारकिर्दीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. कीर्ती शिगेला असताना, 1964 च्या सुमारास, त्याने सामाजिक मानसशास्त्र सोडलं आणि डोळ्यांच्या हालचालींवर काम सुरू केलं. 1979 साली प्रयोगशाळाच बंद केली आणि पुरातत्त्वाकडे वळला. आदिमानवावरचं त्याचं पुस्तक 1983 साली आलं. आपले प्रश्न बारीक बारीक होत चाललेत असं त्याला वाटू लागलं होतं. नव्या विषयात माणसाची पाटी कोरी असते. आजच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि आजचा कुठलाही तरुण प्राध्यापक तो करू धजणार नाही.

आपल्याकडे तर मामला याहून खालच्या पायरीवर अडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकांची कामगिरी आकड्यांत मोजणारे, गुण आणले, आणि महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये ‘काय लिहिलं?’च्या जागी ‘कितीचे पॉइंट?’ ऐकू येऊ लागलं. माझ्या ओळखीतल्या एका मराठीच्या प्राध्यापकांनी प्लेसमेंटच्या, म्हणजे बढतीच्या, फाईलसाठी एका वर्षात सहा पेपर ‘टाकले’. क्रिया पोस्टाच्या पेटीशी जुळते, लेखनाशी नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्या गटाने 2018 साली आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली, तर तपासलेल्यांतली 88 टक्के निकषांवर टिकली नाहीत. आयोगाने त्याच वर्षी 4,305 नियतकालिकं यादीतून काढली, मग ‘केअर’ची नवी यादी केली, आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही थांबवली. पीएच.डी.आधी निबंध छापण्याची सक्ती 2022 साली गेली होतीच. यादी करणं आणि यादी रद्द करणं यापलीकडे तिसरं काही सुचत नाही, कारण दोन्हींमध्ये कुणाला काही वाचावं लागत नाही.

आकड्यांच्या बाजूचा युक्तिवाद मात्र हलका नाही. गुण आले ते वशिला मोडायला. ‘साहेबांचा माणूस’ नसलेल्या, आडगावच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईला निवड समितीपुढे ठेवायला निदान एक कागद मिळाला, ज्यावरचा आकडा कुणाच्या मर्जीवर नाही. आकडा काढून टाका म्हणणाऱ्यांनी, मी धरून, आधी सांगायला हवं की त्या जागी पुन्हा आडनावं आणि फोन येणार नाहीत याची हमी काय. माझ्याजवळ हमी नाही. पण आडगावच्या बाईचा आकडा तरी कुठे मोठा असतो? मॅथ्यू परिणाम तिलाच आधी गाठतो. तिने एका तालुक्यातल्या अफवा वर्षभर टिपल्या असतील, तर त्या कामाला एका वर्षात एक निबंध, आणि पाच वर्षांत कदाचित दोन उल्लेख मिळतील. वशिला तिला दारातून हाकलत होता. आकडा तिला रांगेत शेवटी उभं करतो.

2012 साली सॅन फ्रान्सिस्कोला संपादकांनी आणि संशोधकांनी एक जाहीरनामा काढला: नियतकालिकाच्या नावावरून किंवा इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती उल्लेख मिळतात त्या आकड्यावरून, माणसाला जोखू नका, त्याने लिहिलंय काय ते बघा. सह्या भरपूर झाल्या आहेत. मला साधी रीत सुचते. उमेदवाराने आपले तीनच निबंध द्यावेत, समितीतल्या दोघांनी ते आधी वाचून यावेत, आणि त्यांनी काय वाचलं ते उमेदवारासमोर सांगावं. लबाडी यातही होईल. पण शेपर्डच्या सूचीतलं ते बारीक अक्षर तेवढ्यापुरतं तरी परत येईल.

यावर हमखास उत्तर येतं, की एवढं वाचायला वेळ कुणाला आहे. प्रसादांचा तो निबंध छोटासाच आहे. फेस्टिंगरला तो वाचायला किती वेळ लागला असेल? अर्धा तास, फार तर तास. 1935 सालचा, दूरच्या देशातल्या, कधीही न भेटलेल्या माणसाचा निबंध. त्या वेळी त्याला उल्लेख किती होते हे बघायची सोय नव्हती.